डोळ्यात काय गेलं होतं

ज्यांच्या डोळ्यावर आत्ता पट्टी आहे, त्यांना हे वाचता येणार नाही. शेजारी बसलेल्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावं, अशा बेताने मी लिहिते आहे. म्हणून वाक्यं छोटी ठेवली आहेत. औषधांची नावं दिलेली नाहीत, ती तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी चार दिवस लावले. त्या चार दिवसांबद्दल मला सांगायचं आहे.

आमचं गाव वसमतपासून जवळ आहे. पप्पा हळद आणि सोयाबीन करतात. मी वसमतच्या इंग्रजी शाळेत शिकले. बी.एस्सी. झाल्यावर घरी बसून बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते. अभ्यास मोबाईलवर असायचा, त्यामुळे मोबाईल हातात दिसला तरी कुणी हटकायचं नाही. पार्सल आलं की मी "पुस्तकं" म्हणायचे. सुरुवातीची दोन-तीन पार्सलं खरंच पुस्तकांची होती.

मी कमी बोलते. दुकानात बोलावं लागतं. हे नको, ते दाखवा, असं म्हणावं लागतं. काही न घेता बाहेर पडलं तर दुकानदाराच्या चेहऱ्याकडे न बघता पडावं लागतं. मोबाईलवर यातलं काही करावं लागत नाही. माझ्यासारखीला ते फार सोयीचं होतं.

राखाडी

फेब्रुवारीच्या शेवटी जवळा बाजारला आत्याच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न होतं. त्यासाठी मी डोळ्यात घालायच्या राखाडी लेन्स मागवल्या. नंबरच्या नाही, नुसत्या रंगाच्या. एका व्हिडिओत एक मुलगी त्या घालून डोळे उघडते आणि क्षणात दुसरीच कुणीतरी होते. ते मी किती वेळा पाहिलं असेल, सांगता येणार नाही.

लेन्ससोबत आलेलं पाणी पहिल्याच दिवशी सांडलं. मग मी आत्याच्या घरी स्टीलच्या वाटीत हौदाचं पाणी घेतलं आणि त्यात लेन्स धुतल्या. हळदीच्या दिवशी घातल्या, लग्नाच्या दिवशी घातल्या, मधली झोपही त्यातच काढली. माझे डोळे बदललेत हे घरात कुणाच्याही लक्षात आलं नाही. पल्लवीची एक मैत्रीण तेवढी म्हणाली, "तू आज येगळीच दिसून राहिलीस." त्या एका वाक्यावर मी त्या काढल्याच नाहीत.

घरी आल्यावर मी लेन्स काढून डबीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा लाल झाला.

"डोळे आलेत तुझे," मम्मी म्हणाली. आमच्याकडे डोळे आले की हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसतात. सगळे असंच करतात. हळद घरची, फडकं धुतलेलं. मम्मी दिवसातून चार वेळा पुसायची आणि विचारायची, "गार वाटून राहिलं का?" मी हो म्हणायचे. नंतर मेडिकलवरून थेंब आणले. पाचव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. आरशात तो आधी मलाच दिसला. मी आरसा पालथा ठेवला.

प्रश्न

हिंगोलीला डोळ्यांच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ आत पाहिलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"डोळ्यात काही गेलं होतं का?"

मी काही बोलायच्या आत मागून पप्पा म्हणाले, "आमच्याकडं हळदीचं पॉलिश चालू हाय मॅडम. ही फिरत्या ढोलापाशीच उभी होती. कचरा गेला असंल."

"काडी, भुस्सा असं काही?" त्यांनी मलाच विचारलं.

मी मान हलवली. यंत्रात हनुवटी असताना मान हलवू नये, म्हणून त्या थोड्या रागावल्या. पण त्यांनी तो होकार धरला.

बुबुळाला जखम झाली आहे, ती पसरते आहे, दाखल व्हावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. पप्पांनी विचारलं, "डोळा ऱ्हाईल का?" त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू." मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तरीही मी बोलले नाही. पप्पांच्या समोर 'रंगीत लेन्स' हे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात पाच खाटा होत्या. बाकी चौघींच्या डोळ्यात शेतातलं काहीतरी गेलेलं. कुणाला कापसाच्या पऱ्हाटीचा फटका बसलेला, कुणाच्या डोळ्यात उसाचं पातं गेलेलं. माझ्या शेजारी औंढ्याजवळच्या तांड्यावरच्या कमळाबाई होत्या. हरभरा काढताना त्यांच्या डोळ्यात घाटा उडाला होता, टाका घालावा लागला होता. त्यामुळे हळदीचा कचरा हे माझं कारण त्या वॉर्डात अगदी शोभून दिसलं. कुणालाच शंका आली नाही. उपचारही तेच धरून सुरू झाले.

घरी हळद शिजवणं चालू होतं. माणसांचा स्वयंपाक मम्मीवर होता, म्हणून माझ्यासोबत आत्या राहिली. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. लेकीचं लग्न नुकतं पार पडलेलं, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती.

दर तासाला थेंब. सिस्टर यायच्या, गार कापसाने कड पुसायच्या आणि "वर बघ" म्हणायच्या. डावा डोळा चांगला होता, पण तो उघडला की उजव्यात सुई शिरायची. म्हणून दोन्ही मिटून पडायचं. मोबाईल बघणं पूर्ण बंद. डॉक्टरबाईंनी आत्याला बजावलं, "हिच्या हातात देऊच नका." आत्याने तो तिच्या कापडी पिशवीत टॉवेलखाली घातला आणि पिशवी स्वतःच्या उशाला घेतली.

पहिले दोन दिवस माझा हात आपोआप उशीखाली जायचा. तिथे काही नाही हे माहीत असायचं, तरी जायचा. अंगठा चादरीवर घासायची सवय होती, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या बाबतीत असं झालं तर घाबरू नका. आठवडाभरात कमी होतं.

पिशवीतून मोबाईल वाजायचा. आत्याला मराठी वाचता येतं. ती काढून बघायची.

"ऋतुजा, तुम्ही काहीतरी विसरलात," तिने एकदा मोठ्याने वाचलं. "कोण हाय गं हे? नावानं बोलावून राहिलेत. काय इसरलीस तू?"

"काही नाही. दुकान आहे ते."

"दुकानाला तुझं नाव कसं ठाव?"

त्यानंतर मोबाईल वाजला की ती आधी विचारायची, "माणसाचा निरोप हाय का दुकानाचा?" आणि मग स्वतःच बघून उत्तर द्यायची, "दुकानाचाच." कमळाबाईंनाही त्याची सवय झाली. वाजलं की पलीकडून आवाज यायचा, "दुकान उघडलं वाटतं." माणसांचे निरोप दोन आले. दोन्ही पल्लवीचे.

भेटायला नातेवाईक येत. बिस्किटांचे पुडे आणि शहाळी आणत. "मोबाईल बघू बघूच गेला डोळा," असं प्रत्येक जण म्हणायचा. मी गप्प राहायचे. लोक चुकीचं बोलत होते आणि तरी पूर्ण चुकीचंही बोलत नव्हते. त्या आडोशाला लपणं सोपं होतं.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. "फरक पडायला हवा होता," त्या सिस्टरला हळूच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "जखम खोल चालली आहे. आणखी दोन दिवस बघू, नाहीतर वेगळा विचार करावा लागेल." वेगळा विचार म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आदल्या दिवशी समोरच्या खाटेवरच्या बाईसाठी त्यांनी हेच शब्द वापरले होते आणि तिचा डोळा काढायचं ठरलं होतं.

दुपारी मम्मीचा आत्याला फोन आला. आत्याने फोन माझ्या कानाला लावला. मम्मी रडत होती.

"माझ्याच हातानं झालं गं. मीच फडकं लावलं. लोक म्हणून राहिलेत, फडक्यानंच चिघळलं."

"नाही मम्मी."

"नाही कसं? मला काय कळत न्हाई का?"

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ पडून राहिले. मोबाईल हातात असता तर मी काय केलं असतं, हे मला नक्की माहीत आहे. डॉक्टरबाईंना मेसेज लिहिला असता, तीनदा खोडला असता आणि पाठवून मोबाईल पालथा ठेवला असता. उत्तर वाचायला दोन दिवस लावले असते. पण हाताशी काहीच नव्हतं. तोंड होतं.

"आत्या, मी डोळ्यात लेन्स घातली होती."

"काय घातलं व्हतं?"

"लेन्स. रंगीत. पल्लवीच्या लग्नात."

"डोळ्यात?"

"हो. बुबुळावर बसवतात."

आत्याने माझ्या पायावर हात ठेवला. मग म्हणाली, "काहून?"

"चांगलं दिसायला."

"आगं, नवरी पल्लवी व्हती का तू?"

पलीकडे कमळाबाई हसल्या आणि लगेच 'आई गं' म्हणून विव्हळल्या. "हसू नका वं बाई, टाका उकलंल," आत्या त्यांच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "अन् धुतलं कशात ते?"

"तुमच्या हौदाच्या पाण्यात."

"बया! त्या हौदात म्हशीच्या बादल्या बुडवतात गं!" माझ्या पायावर तिचा हात होता, तो तिने काढला नाही.

"तू सांग ना डॉक्टरांना," मी म्हटलं.

"मी न्हाई सांगणार. डोळा तुझा, तोंडबी तुझंच हाय." आणि ती उठून सिस्टरला बोलवायला गेली.

डॉक्टरबाई आल्या. मी सगळं सांगितलं. वाटी, हौद, झोप, सगळं. त्या रागावतील म्हणून मी खांदे आवळून धरले होते. त्या रागावल्या नाहीत. फक्त "चार दिवस" एवढंच म्हणाल्या. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मग त्यांनी समजावलं, की काडीने होते ती जखम वेगळी, पाण्यातल्या जंतूंची वेगळी, आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. "त्या लेन्स आणि डबी आजच्या आज पाहिजे. तपासायला पाठवू."

आत्याने पप्पांना फोन लावला. कपाटात, पुस्तकांच्या मागे, असं मी सांगितलं.

पोतं

पप्पा संध्याकाळच्या बसने आले. त्यांच्याआधी वास आला. ओल्या हळदीचा, तागाच्या पोत्याचा.

"डबी कोणती, मला काय कळतंय," ते म्हणाले. "मागं होतं ते समदं आणलं."

माझं पूर्ण कपाट हळदीच्या पोत्यात भरून वॉर्डात आलं होतं. आत्या एकेक वस्तू काढून माझ्या हातात ठेवायची आणि विचारायची, "हे?" मी डोळे मिटून चाचपायचे आणि सांगायचे. किती पाणी प्यायचं ते सांगणारी बाटली. चेहऱ्यावर फिरवायचा दगडी रूळ. ("लाटणं हाय का?" कमळाबाईंनी विचारलं.) सकाळी सूर्यासारखा उजळत जाणारा दिवा. केस तुटू न देणारी रेशमी उशीची खोळ. रोजचं नियोजन लिहायच्या तीन वह्या, तिन्ही कोऱ्या. निम्म्या वस्तूंचं वेष्टणही काढलेलं नव्हतं. हाताला गुळगुळीत प्लास्टिक लागायचं आणि ती वस्तू मी कधी मागवली तेच आठवायचं नाही.

एखादी वस्तू का घेतली, हे मोठ्याने सांगून बघा. मोबाईलवर बोट दाबताना जे कारण पटलेलं असतं, ते शेजारच्या खाटेवर ऐकू जाईल असं बोलताना पटत नाही. मला दर वेळी वाटायचं, हे आलं की मी पहाटे उठेन, नीट बोलेन, कुठेतरी निवडली जाईन. मागवल्यापासून पार्सल येईपर्यंतचे चार-पाच दिवस मी खरोखर तशी असायचे. उघडलं की संपायचं. बहुतेक म्हणूनच मी निम्मी उघडली नाहीत.

डबी सापडली. सिस्टर घेऊन गेल्या. तरी आत्याचा हात पोत्यातच होता.

"हे बारकं काय? वास येऊन राहिलाय."

मी ओळखलं. हळदीचा फेस पॅक. काचेची छोटी बरणी.

पप्पांनी ती आत्याच्या हातून घेतली. झाकण उघडल्याचा आवाज आला. ते हुंगत होते, हे न बघताही कळलं, कारण पॉलिशची हळद ते तसंच हुंगून बघतात.

आत्या म्हणाली, "घरी ढोल फिरून राहिला अन् पोरगी..."

"थांब," पप्पा म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, "चांगली हाय का? आपल्यापरीस?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी किंमतही विचारली नाही. मला त्या प्रश्नाइतकं काहीच लागलं नाही, डोळ्यातली सुईसुद्धा नाही.

"माहीत नाही पप्पा. वापरलीच नाही."

त्यांनी झाकण लावलं. रात्रीचा मुक्काम न करता ते शेवटच्या बसने परत गेले, कारण सकाळी हळद शिजवायचा कुकर पेटवायचा होता. जाताना एवढंच म्हणाले, "पहिल्याच दिवशी मी मधी बोलाया नको होतं."

मी त्यांना 'तुमची चूक नाही' म्हणायला हवं होतं. मी "हं" म्हटलं.

फरक

डबीतल्या पाण्यात जंतू सापडले. औषध बदललं. तीन दिवसांनी दुखणं उतरायला लागलं. खिडकीचा उजेड आधी पिवळा, मग पांढरा दिसायला लागला.

मम्मीला मी फोनवर स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी माझ्या फडक्यानं न्हाई झालं?" मी नाही म्हटलं. तिने मोठा श्वास सोडला आणि मग पाच मिनिटं मला शिव्या दिल्या. ते ऐकून मला बरं वाटलं. फडक्याने भलंही झालं नव्हतं. डोळ्याला घरातलं काहीही लावू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं आहे. तेही इथे लिहून ठेवते.

कमळाबाईंचा डोळा वाचला नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगितलं होतं. पण हरभरा घरी येईपर्यंत त्या दवाखान्यात आल्याच नव्हत्या. मी लपवलं म्हणून मला उशीर झाला, त्यांना पीक उभं होतं म्हणून झाला. दोन्ही उशिरांना एकच शब्द वापरायला मला संकोच वाटतो. जायच्या दिवशी त्या माझ्या खाटेशी आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डोळे हायेत तसेच चांगले हायेत गं लेकरा. कोणच्या रंगाचे हायेत, मला अजून दिसले न्हाईत, पण चांगलेच असतील."

अठराव्या दिवशी मला घरी सोडलं. पुढचा महिनाभर हिरवा चष्मा होता आणि मोबाईल नव्हता. दिवस फार लांब असतात. हळद वाळत घातलेल्या ताडपत्रीच्या कडेला बसायचं, माणसांचं बोलणं ऐकायचं. मी आधीही ऐकायचे, पण कानात काहीतरी घालून. मजूर बायका एकमेकींना काय काय बोलतात, ते ऐकून मी एकदा अंगावर पदर नसताना तोंडाला लावायला पदर शोधला.

मी मोबाईल सोडलेला नाही. अभ्यास अजून त्यावरच आहे. खरेदीची सगळी ॲप काढली, त्यातलं एक परत घेतलं, आठ दिवसांनी पुन्हा काढलं. आता काही हवंसं वाटलं की ते मी आधी मम्मीला तोंडाने सांगते. बहुतेक वेळा वाक्य पूर्ण व्हायच्या आतच ते नकोसं होतं. कधी होत नाही, तेव्हा घेते.

चौथी ओळ

बुबुळावर पांढरा डाग राहिला आहे. तो किती आड येतो, त्यावर पुढचं ऑपरेशन ठरणार आहे. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी हिंगोलीला जाऊन भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायची.

मागच्या तपासणीला पप्पा सोबत होते. डावा डोळा झाकून मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी अडखळत वाचली. चौथी म्हणजे राखाडी धुकं होतं. पण दोन महिन्यांत इतक्या पेशंटना ती वाचताना ऐकलं होतं, की ती मला तोंडपाठ होती. पप्पा मागे खुर्चीच्या कडेवर बसले होते. "वाच की," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी आशा होती, की माझ्या जिभेवर पहिलं अक्षर आलंही.

"दिसत नाही," मी म्हटलं.

"अंदाजाने?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाठ आहे मॅडम. दिसत नाही."

 त्यांनी काहीतरी लिहिलं आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मग ऑपरेशनचं ठरवू या."

मी मागे वळले. पप्पा नाराज झाले असतील असं वाटलं होतं. ते डोळे बारीक करून तक्त्याकडे बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मला तर तिसरीबी दिसून न्हाई राहिली. लई दिवस झाले. म्हटलं हिचं आधी होऊ द्यावं."

"कधीपासून?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन सुगी झाल्या."

डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांचा एक डोळा झाकायला मी काळी पट्टी धरली. त्यांनी पहिली ओळ खणखणीत वाचली. दुसरीला थांबले. पट्टीच्या कडेला माझ्या बोटाला त्यांची पापणी लागत होती, मिटत होती, उघडत होती.

"सांग की गं," ते पुटपुटले.

मी सांगितलं नाही. पट्टी नीट धरून उभी राहिले.